कृष्णवड

(लॅ. फायकस बेंगालेन्सिस, प्रकार कृष्णी, कुल–मोरेसी). द्रोणासारख्या पानांचा वडाचा प्रकार. रानात तो सहसा आढळत नाही. वनस्पतिउद्याने, देवळांची आवारे व शहरी बागा येथे मुद्दाम लावलेला असतो. बाळकृष्णाने चोरलेले लोणी या पानात लपविले, या लोककथेवरून नाव पडले आणि तेच लॅटिन नावातही गेले.

वडाला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५३ मध्ये शास्त्रीय नाव दिले. द्रोणपानी झाडाला मात्र स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कॅसिमिर द कांदोल यांनी १९०१ च्या सुमारास ‘फायकस कृष्णी’ ही स्वतंत्र जाती मानले. त्यांचे लक्ष पानाच्या रचनेवर खिळले, ते साहजिकच होते. पेल्यासारख्या बहुतेक पानांत पात्याची वरची बाजू पेल्याच्या आत जाते. येथे उलट आहे. पात्याच्या तळाकडील दोन्ही कडा देठाजवळ खालच्या अंगाने जुळतात, त्यामुळे ठळक शिरांची फिकट बाजू द्रोणात आणि तुकतुकीत बाजू बाहेर राहते. अशा रचनेवर द कांदोल यांनी पुढे स्वतंत्र लेखनही केले. नंतर ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी कृष्णवडाला वडाचा केवळ एक प्रकार ठरविले. वनस्पतिनामांच्या काही सूचींत तेवढेही वेगळेपण न ठेवता तो वडातच धरलेला दिसतो. स्वतंत्र जातीचा पक्ष घेणारे बेताची उंची व विरळ पारंब्या यांकडे बोट दाखवितात. परंतु कलमी आणि छाटलेल्या झाडांत या लक्षणांवर फार भिस्त ठेवता येत नाही. गुणसूत्रांचाही उपयोग बेताचाच, कारण वड-पिंपळ-उंबराच्या या प्रजातीत (फायकस) २६ हीच संख्या सर्रास आढळते. पान वगळता उरणारे साम्य पाहता, वडात अचानक उद्भवलेला व माणसाने हौसेने राखलेला प्रकार, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सोलापूरच्या कोरड्या हवेत (वार्षिक पाऊस सु. ६०० मिमी.) व काळ्या जमिनीत वड चांगला पोसतो. अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिरामुळे तो या जिल्ह्यात विशेष परिचित आहे. बागेतील कृष्णवड ओळखताना केवळ वळलेल्या पानावर जाऊ नये. फुलकिड्यांनी किंवा उन्हाने वळलेले पान बोटांनी उलगडता येते, द्रोणाची जुळलेली कड फाडल्याखेरीज सुटत नाही आणि फाडताच पांढरा चीक येतो. कोवळे पान उपपर्णाच्या (देठाच्या तळाशी येणाऱ्या पानासारख्या भागाच्या) टोकदार वेष्टणातून बाहेर पडते तेव्हाच ते जुळलेले असते. द्रोणाची खोली मात्र एकाच झाडावरही कमीजास्त असते. उन्हाळ्यात जुन्या पानांच्या द्रोणात तळाशी धूळ साचते. ती झटकल्यावर आतील शिरांचे जाळे स्पष्ट दिसते.

वडाच्या फळासारख्या बंद फुलोऱ्यातील परागण युप्रिस्टिना मॅसोनी या चिमुकल्या गांधीलमाशीवर अवलंबून असते. कृष्णवडाची लागवड मात्र बियांऐवजी गुटी (फांदीला झाडावरच मुळे फोडून घेणे) किंवा फाटे कलमाने करतात. मूळ झाडाची द्रोणपाने रोपात हमखास उतरावीत, हा त्यामागील हेतू. कुंडीत वाढविलेली रोपे वर्षानुवर्षे ठेंगणी राहतात. जमिनीत लावताना इमारत, जलवाहिनी व भिंत यांपासून पुरेसे अंतर सोडावे लागते, कारण मुळांचा जोर वडाचाच असतो.