वॉश आणि ग्लेझ: पाणी कुणाचं ऐकतं

मी रंगवलेल्या पहिल्या चिमुकल्या सैनिकाचा लाल झगा बघून भुसावळचा मित्र म्हणाला, "हे काय रे भो, याच्यावर कुणी पान खाऊन पिचकारी मारली का?" मी मात्र दोन दिवस खुशीत होतो, की आपल्याला ग्लेझ जमलं. झग्यावर होते ते वाळलेल्या वॉशचे डाग. कडेला गडद, मध्ये फिके, चहाचा कप उचलल्यावर टेबलावर राहतो तसे.

युद्धखेळांच्या मिनिएचर, म्हणजे टेबलावर मांडायच्या छोट्या मूर्ती, रंगवायला नव्याने बसलेल्या बहुतेकांचं इथेच फसतं. दोन्ही रंग पातळ, दोन्ही पारदर्शक, दोन्हींखालून आधीचा थर दिसतो. त्यामुळे वाटतं, एकाच गोष्टीची ही दोन नावं. वाटेल तितके व्हिडिओ पाहा, हातात ब्रश घेतला की पुन्हा घोटाळा. मला तो सुटला तो एका प्रश्नाने: रंगाने कुठे जाऊन बसायचं, हे ठरवतंय कोण? वॉशमध्ये ते पाणी ठरवतं, ग्लेझमध्ये तुमचा हात.

आधी वॉश. मे महिन्यात आपल्याकडच्या काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस आला की पाणी सरळ त्या भेगांत उतरतं आणि ढेकळांचे माथे लगेच सुकतात. वॉश हेच करतो. भरपूर ओला ब्रश टेकवायचा, रंग आपोआप उंचवट्यावरून घसरून खाचेत जमतो. याची गरज का पडते? मिनिएचर असते जेमतेम 28 ते 32 मिलिमीटर उंचीची. एवढ्याशा कापडाच्या घडीत खोलीतल्या दिव्याची सावली नीट पडतच नाही, ती आपल्याला रंगवावी लागते. साखळीचं चिलखत, केस, पिसं, बोटांच्या फटी, चेहरा अशा खाचाखोचांच्या जागी वॉशसारखं काम दुसरं कुणी करत नाही. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचे नल्न ऑइल (काळपट) आणि अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड (तपकिरी) हे या जातीचे. बाटलीवर 'शेड' लिहिलेलं असतं, समजायचं वॉश.

आता हाच वॉश सपाट झग्यावर घाला. खाच नाही, उतार नाही, पाणी जाणार कुठे? ते थेंब होऊन बसतं. थेंबाची कड एका जागी चिकटते आणि तिथलं पाणी लवकर उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण सोबत नेतं. कॉफीच्या डागाचं हे कोडं शास्त्रज्ञांनी 1997 साली 'नेचर'मध्ये उलगडून दाखवलं होतं. माझ्या झग्यावरही नेमकं तेच घडलं. उपाय सोपा आहे: वॉश लावल्या लावल्या, ओला असतानाच, दुसरा स्वच्छ आणि जरासा दमट ब्रश घेऊन सपाट जागी साचलेलं टिपून घ्या. अर्धवट वाळल्यावर मात्र हात लावू नका. वरची साय फाटते आणि मग डागाचं भगदाड होतं.

ग्लेझची गोष्ट वेगळी, खरं तर उलटी. नवरीच्या अंगाला हळद लागते तेव्हा कातडी झाकली जात नाही, तिच्यावर नुसती पिवळी झाक येते. ग्लेझ म्हणजे अशी झाक. तैलरंगात युरोपातले चित्रकार हे 15व्या शतकापासून करत आले आहेत, यान व्हॅन आयक त्यातलं मोठं नाव. आपण तेच अ‍ॅक्रिलिकमध्ये करतो. साधारण एक भाग रंग, चार ते सहा भाग मेडियम (रंग पातळ करायचं पारदर्शक द्रव्य) आणि पाणी. नुसतंच पाणी ओतलं तर रंगाला धरून ठेवणारा पदार्थ विरळ होतो, थर कच्चा राहतो आणि पुढचा ओला ब्रश तो उचलून नेतो. म्हणून मेडियमवर कंजुषी नको.

पण खरी मेख मिश्रणात नाही, ब्रशच्या पोटात आहे. रंगात बुडवलेला ब्रश टिश्यूवर टेकवा, जास्तीचं पाणी जाऊ द्या, मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. रेघ जागेवर राहिली तर ते ग्लेझ. नखाच्या कडेकडे पळाली तर तुमच्या हातात अजून वॉशच आहे, मनात काहीही असो. मी आजही प्रत्येक वेळी नख रंगवतो. ऑफिसात लोक विचारतात, विचारू देत.

दुसरी गोष्ट ब्रशच्या दिशेची, आणि ही कुणी फारशी सांगत नाही. ब्रश जिथे उचलता, तिथे सगळ्यात जास्त रंग पडतो. म्हणून सावली गडद करायची असेल तर उजेडाकडून सावलीकडे ओढा. उलटं ओढलंत तर उजेडाच्या टोकाला मळकट ठिपका बसतो. रंगाच्या एका हातात काही दिसणार नाही, निराश होऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात, तिसरा, पाचवा. पाचव्यापर्यंत लाल कापड कधी जांभळट सावलीत शिरलं, ते कळतही नाही.

आपल्या हवेचा मुद्दा परदेशी व्हिडिओंत सापडत नाही. जळगावात पारा 44-45 वर असताना ग्लेझ ब्रशच्या टोकावरच वाळतं. पंख्याखाली बसणं तर विसराच. डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, हा घरगुती ओला पॅलेट इथे चैन नाही, गरज आहे. उन्हाळ्यात मी रंगवतो ते पहाटे. प्रायमरचा, म्हणजे रंग धरण्यासाठीच्या पहिल्या थराचा, स्प्रेही तेव्हाच मारतो, कारण दुपारच्या झळांत त्याचे थेंब हवेतच सुकतात आणि मिनिएचरवर रव्यासारखा खरखरीत थर बसतो. त्या खरखरीत थरावर ग्लेझ कधीच गुळगुळीत येत नाही. प्रत्येक कणाभोवती रंग अडकतो. वॉशचंही तसंच. पाणी बोअरचं वापरू नका, बादलीला पांढरी पुटं चढवणारं पाणी वॉशमध्येही वाळल्यावर पांढुरकं दिसतं. पिण्याचं फिल्टरचं घ्या.

आता एक गंमत. नल्न ऑइलच्याच बाटलीतला थेंब मेडियममध्ये मिसळा, ब्रश टिपून घ्या, आणि त्याने तुम्ही ग्लेझ देऊ शकता. उलट, कुठल्याही साध्या अ‍ॅक्रिलिकमध्ये पाणी-मेडियम वाढवून, भांड्याच्या साबणाचा अगदी पुसट अंश टाकून पाण्याचा पृष्ठताण मोडला की कामचलाऊ वॉश होतो. कॅम्लिनच्या ट्यूबवर मी कितीतरी ऑर्क (युद्धखेळांतले हिरवे राक्षस) असे काढलेत. त्या रंगाची पूड जरा जाडसर वाटते, पण ऑर्कला चालतं. 2019 साली आलेले गेम्स वर्कशॉपचे कॉन्ट्रास्ट रंग या दोघांच्या मधले: वॉशसारखे वाहतात, पण रंग गडद. नवख्याने ते जरूर वापरावेत, मात्र त्यांना ग्लेझ समजून झग्यावर फासू नये.

क्रम विचाराल तर आधी बेसकोट (मूळ रंगाचा थर), मग खाचांत वॉश, तो पूर्ण वाळल्यावर उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा, त्यावर हायलाइट (उजेडाच्या जागी फिका रंग), आणि या सगळ्यांमधल्या उड्या जुळवायला शेवटी ग्लेझ. वॉशने उठलेला डाग ग्लेझने झाकायला जाऊ नका, पारदर्शक थराखालून तो जास्तच डोळ्यांत भरतो. त्या जागेवर आधी बेसकोटचे दोन पातळ हात द्या. माझ्या त्या झग्याचं मी तसंच केलं, आणि पिचकारीचे डाग गेले. एक डाव्या खांद्यामागे राहिला आहे, मित्र आला की मिनिएचर जरा वळवून ठेवतो.