रक्त, अंडे, दुधाचे डाग आणि गरम पाणी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

डाग पडलेला कपडा काउंटरवर आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो : डाग कशाचा आहे, कधी पडला आणि घरी त्यावर काय केले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच मिळतात, तिसऱ्याला मात्र बहुतेक जण अडखळतात. आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो घरी ओतलेल्या गरम पाण्याचा परिणाम निस्तरण्यात.

रक्त, अंडे आणि दूध यांच्या डागांत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा चार साखळ्या असून त्यांत मिळून 574 अमिनो आम्ले असतात. पेशीत या साखळ्या ठरावीक घड्यांमध्ये दुमडलेल्या असतात आणि त्या घड्या टिकवणारे बंध नाजूक असतात. उष्णतेने ते तुटले की साखळ्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि पाण्यात न विरघळणारा गोळा तयार होतो. अंड्याचा पांढरा भाग साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होऊ लागतो तो यामुळेच, आणि उकडलेले अंडे गार झाल्यावर पुन्हा पातळ होत नाही. कपड्यात हेच घडले तर तो गोळा विणीत अडकून बसतो. डागावरून इस्त्री फिरवणे हा याच चुकीचा कोरडा प्रकार आहे. ताजा असताना थंड पाण्यात बराचसा सुटला असता असा डाग मग दोन-तीनदा हाताळावा लागतो आणि तरीही पिवळट छटा राहू शकते.

‘ड्रायक्लीनिंगला देऊनही डाग गेला नाही’ ही तक्रारही नेहमीची आहे. ड्रायक्लीनिंगच्या यंत्रात पाण्याऐवजी द्रावक वापरतात. तेला-तुपाचे रेणू त्यात सहज विरघळतात. प्रथिने आणि पिष्ट मात्र विरघळत नाहीत. म्हणून अशा डागावर आम्ही आधी पाण्याने, हाताने काम करतो. बिलात त्याची जी वेगळी रक्कम दिसते, ती या कामाची असते.

एन्झाइमयुक्त पावडर घरी वापरण्यास आमची हरकत नाही, पण कोणत्या कपड्यावर, हे पाहावे. प्रथिने तोडणारे एन्झाइम अमिनो आम्लांना जोडणारे बंध कापते. सुती कपड्याला त्याची भीती नाही, कारण कापसाचा प्रत्येक तंतू ही बीच्या सालीवरची एकच लांब वाढलेली पेशी असते आणि तिची भिंत सेल्युलोजची, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो घटकांच्या साखळ्यांची बनलेली असते. डाळ-भाताच्या डागातले किंवा साडीला केलेल्या स्टार्चमधले पिष्टही ग्लुकोजचेच असते, परंतु त्यातील जोडणी वेगळी असल्याने पिष्ट तोडणारे एन्झाइम सेल्युलोजला हात लावत नाही. रेशमाचे तसे नाही. रेशमी किड्याच्या ग्रंथीतून येणारा धागा हाच मुळी फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा असतो. जे एन्झाइम डाग कापते, ते पैठणीचा धागाही कुरतडू शकते. धुण्याचा सोडा आणि क्लोरीनचे ब्लीच रेशमाला त्याहून घातक आहेत. शिवाय एन्झाइम स्वतःही प्रथिनच असल्याने उकळत्या पाण्यात ते निकामी होते, तेव्हा कडकडीत पाण्यात ही पावडर टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

याच कारणासाठी, ‘शुद्ध रेशीम’ म्हणून आलेल्या साडीचा आतल्या बाजूचा सुटा धागा आम्ही ग्राहकांसमोर जाळून पाहतो. काहींना ते अपमानास्पद वाटते. पण रेशमाला जळक्या केसांसारखा वास येतो, कारण केसही प्रथिनाचेच. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एवढे कळल्याशिवाय पुढची प्रक्रिया ठरवणे आम्हाला धोक्याचे वाटते, आणि पैठणीसाठी आम्ही जास्त दिवस मागतो ते प्रत्येक द्रव आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तपासून पाहावा लागतो म्हणून.

डाग पडल्यावर लगेच येणे शक्य नसेल, तर सुती कपडा साध्या थंड पाण्यात भिजवून ठेवावा. रेशमी साडीवरचा ओलावा स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्याने फक्त टिपून घ्यावा, चोळू नये, आणि साडी तशीच सैल घडी करून आणावी; काठ-पदराची तपासणी आणि रोल पॉलिश त्याच फेरीत करून देता येते.