अक्कलदाढ काढलीय? मग आज चूळ भरू नका

जेवण झालं की चूळ भरायची, ही सवय आपल्याला इतक्या लहानपणी लागते की ती सवय आहे याचंही भान राहत नाही. तोंडात पाणी घ्यायचं, गाल फुगवून खळखळ फिरवायचं आणि मोरीत जोरात थुंकायचं. अक्कलदाढ काढून घरी आलेल्या माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते. तोंडात रक्ताची चव असते, कसंसंच होत असतं आणि हात आपोआप पाण्याकडे जातो. दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर ‘चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये’ असं लिहिलेलं असतं. का, ते मात्र लिहिलेलं नसतं.

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात तिच्या मुळांच्या आकाराचा खड्डा उरतो. तो रक्ताने भरतो आणि थोड्या वेळात ते रक्त थिजतं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यांच्याभोवती जाळं विणतात आणि खड्ड्यात लालभडक, लिबलिबीत गुठळी बसते. दिसायला ती घाण वाटते, पण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून असतं. खालचं उघडं हाड आणि नसांची टोकं ती झाकते. शिवाय वेलीला मांडव लागतो तसा नव्या रक्तवाहिन्यांना आणि पेशींना वर चढायला याच धाग्यांचा आधार मिळतो. डॉक्टरांच्या कागदावरच्या बहुतेक सूचना म्हणजे या गुठळीची राखण आहे. खळखळून भरलेली चूळ तिला उचकटू शकते.

गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगतात तेही यासाठीच. दर पाच मिनिटांनी तो काढून ‘अजून लाल आहे का’ बघत बसलं, तर प्रत्येक वेळी थिजू पाहणारं रक्त त्याच्याबरोबर निघून येतं. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणारच. चमचाभर लाळेत थेंबभर रक्त मिसळलं तरी तोंड रक्ताने भरल्यासारखं वाटतं. ती लाळ गिळायची. किळस येते हे खरं, पण थुंकण्यापेक्षा ते बरं.

तीन-चार तासांनी भूल उतरायला लागते तेव्हा अनेकांची गाळण उडते, कारण थांबलेलं रक्त पुन्हा झिरपू लागतं. भुलीच्या इंजेक्शनात लिग्नोकेनबरोबर थोडं ॲड्रेनलिन असतं आणि ते रक्तवाहिन्या आकुंचित करून ठेवतं. त्याचा अंमल संपला की त्या पुन्हा सैलावतात. स्वच्छ गॉज घेऊन पुन्हा अर्धा तास चावून धरलं की बहुतेकदा भागतं. तरीही तोंड रक्ताने भरतच राहिलं, तर मात्र डॉक्टरांना फोन करायचा, मग रात्र असो वा नसो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते दाढ काढायच्या आधीच सांगायचं. आपल्या मनाने त्या बंद करणं जास्त धोक्याचं असतं.

सूज आली की घरातलं कुणीतरी तव्यावर फडकं गरम करून शेक द्यायला येतं. माया खरी, पण वेळ चुकीची. पहिल्या दिवशी उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढते. त्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटं धरायचा, मग तेवढीच विश्रांती द्यायची. सूज सर्वांत जास्त दिसते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. ‘काल बरा होतो, आज तोंड जास्तच सुजलंय’ ही तक्रार त्या दिवसांत अगदी नेहमीची. त्यानंतर ती ओसरू लागते आणि तेव्हा कोमट शेक चालतो, जबडा मोकळा व्हायला त्याची मदतही होते. तोंड उघडत नाही ते चावण्याचे स्नायू आखडल्यामुळे. आठवडा-दोन आठवड्यांत ते सुटतात. वर्षानुवर्षं सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचं तोंड दाढ काढण्याआधीपासूनच नीट उघडत नसेल, तर ते वेगळं दुखणं आहे. गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जाणारा तो आजार कर्करोगाकडे झुकू शकतो, म्हणून तो स्वतंत्रपणे तपासून घ्यावा.

चौथ्या-पाचव्या दिवशी आरशासमोर टॉर्च घेऊन उभे राहणारे लोक आणखी एका गोष्टीला घाबरतात. खड्ड्यावर पांढरट-पिवळसर थर दिसतो आणि वाटतं, पू झाला. बहुतेक वेळा तो पू नसतो. गुडघा खरचटला की त्यावर खपली धरते. तोंड सतत ओलं असल्यामुळे इथे खपली वाळत नाही, फायब्रिनचा मऊ पांढुरका पापुद्रा तेवढा दिसतो. तो काडीने किंवा ब्रशने खरवडून काढणारे लोक आहेत. त्यांच्या धाडसाचं कौतुक करायचं कारण नाही.

त्या पापुद्र्याखाली काय चालतं, हे ॲमलर या संशोधकाने माणसांच्या दाताच्या खड्ड्यांतले नमुने तपासून १९६९ साली टप्प्याटप्प्याने मांडलं. साधारण आठवडाभरात गुठळीची जागा रक्तवाहिन्यांनी भरलेली कोवळी, लालसर ऊती घेते. तोपर्यंत तळाशी हाडाचा कच्चा माल तयार व्हायला लागलेला असतो. वरची हिरडी कडांकडून आत सरकत येते आणि खड्डा पूर्ण झाकायला तीन-चार किंवा त्याहून जास्त आठवडे घेते. सहाएक आठवड्यांत खड्ड्याचा बराचसा भाग जाळीदार नव्या हाडाने भरलेला असतो. ते हाड भक्कम होत होत कित्येक महिने जातात. म्हणजे दुखणं थांबलं तेव्हा घडी बसायला नुकती कुठे सुरुवात झालेली असते.

एवढ्या जंतूंच्या गर्दीत, सतत ओल्या आणि हलत्या जागी जखम इतकी चांगली भरते हेच नवल. तोंडातली जखम कातडीवरच्या जखमेपेक्षा लवकर आणि कमी व्रण ठेवून बरी होते. त्यात लाळेचा मोठा हात आहे. तिच्यातली हिस्टॅटिन नावाची प्रथिनं पेशींना जखमेवर सरकायला मदत करतात, शिवाय लाळेमुळे रक्तही लवकर थिजतं. मनाचाही यात भाग असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ११ दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम मुद्दाम केली गेली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परीक्षेच्या काळातली जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. अक्कलदाढा साधारण सतरा ते पंचविशीत येतात, म्हणजे नेमक्या परीक्षांच्या वयात. तारीख आपल्या हातात असेल तर ती सेमिस्टर संपल्यावरची घ्यावी.

आता या प्रकरणातलं सर्वांत वाईट दुखणं. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी अचानक ठणका सुरू होतो. कळ कानापर्यंत जाते, तोंडाला घाण वास येतो, गोळीने भागत नाही. खड्ड्यात पाहिलं तर गुठळी नाही, नुसतं उघडं हाड. याला ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड यांनी १८९६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. साध्या दात काढण्यात ते शंभरातल्या एक ते पाच जणांना होतं. खालच्या जबड्यात आडव्या अडकलेल्या अक्कलदाढेनंतर ते प्रमाण काही अभ्यासांत ३० टक्क्यांपर्यंत गेलेलं आहे.

गुठळी जाते कुठे? आपण समजतो ती दर वेळी निसटूनच पडते. डेन्मार्कमधल्या बिर्न यांनी १९७३ साली वेगळं उत्तर दिलं: ती जागच्या जागी विरघळते. जखमेत दाह वाढला, हाडाला जास्त इजा झाली किंवा जंतू माजले, की फायब्रिनचे धागे तोडणारी शरीराचीच यंत्रणा वेळेआधी जागी होते. म्हणून दाढ काढताना फार झटापट झाली असेल तर धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्येही तो काहीसा जास्त दिसतो. स्ट्रॉने पिऊ नये असं सगळे सांगतात, पण त्याचा पुरावा तसा बेताचाच आहे. तंबाखूचं तसं नाही, धूम्रपान करणाऱ्यांत ड्राय सॉकेट जास्त होतो हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आपल्याकडे धुरापुरतं बोलून भागत नाही. चुना मळून गालात धरलेला तंबाखू आणि सकाळी हिरड्यांवर घासलेली मशेरी थेट जखमेशीच जाऊन बसते. ‘मी सिगारेट ओढत नाही’ असं डॉक्टरांना सांगणाऱ्या आजी मशेरीचा विषय काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती दात घासायची पूड असते.

ड्राय सॉकेट झालाच तर डॉक्टर सलाईनने खड्डा धुतात आणि औषधी पट्टी भरतात. तिच्यात बहुधा युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. काही मिनिटांत कळ निवते. म्हणून घरच्या घरी लवंगतेल ओतायला जाऊ नये, निव्वळ तेलाने हिरडी भाजते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याचा उपाय तर त्याहून वाईट.

वेदनाशामकांच्या जगात अक्कलदाढेला वेगळाच मान आहे. नवी गोळी चालते का हे पाहायला जगभर हीच शस्त्रक्रिया वापरतात, कारण रुग्ण तरुण आणि धडधाकट असतात आणि दुखणं ठरल्या वेळी हमखास येतं. अशा चाचण्यांवरूनच कळलं की आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं तर कुठल्याही एकापेक्षा जास्त आराम पडतो. (पोटात अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको.) १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्यांना औषध नसलेली फसवी मात्रा दिली. काहींना तेवढ्यानेच बरं वाटलं. मग अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिल्यावर त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे औषध मिळालं या नुसत्या भरवशाने मेंदूने स्वतःचं अफूसारखं वेदनाशामक सोडलं होतं.

दाढ काढली की नजर कमी होते, असं अजून ऐकू येतं. दातांच्या नसा आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत, चष्म्याच्या नंबराशी दाढेचा संबंध नाही. मात्र खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाची संवेदना नेणारी नस जाते. भूल उतरल्यावरही, दुसऱ्या दिवशीसुद्धा, ओठ किंवा जीभ बधिर राहिली तर ते सांगायलाच हवं. बहुतेकांची संवेदना हळूहळू परत येते. ताप, गिळायला त्रास किंवा चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

खाण्याचं सोपं आहे: गार दहीभात, पातळ मुगाची खिचडी, कोमट आंबील. पण फोडणी नको. मोहरीचा दाणा त्या खड्ड्यात जाऊन बसला की जिभेला दिवसभर दुसरा उद्योग राहत नाही. तीळ आणि राजगिऱ्याचंही तसंच.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं, ते तोंडात धरून मान इकडेतिकडे कलती करायची आणि बेसिनवर वाकून नुसतं ओघळू द्यायचं. रेशमी टाके साधारण सातव्या दिवशी काढतात, विरघळणारे आपोआप जातात. तोवर गुठळीची जागा नव्या ऊतीने घेतलेली असते, पण खड्डा उघडाच असतो आणि प्रत्येक जेवणाचा एखादा कण त्यात अडकतो. तेव्हा मात्र प्रत्येक जेवणानंतर चूळ भरायची, अगदी पहिल्यासारखी, गाल फुगवून.