पायातलं 'विष', टोल्युइन आणि धनाग्राची वसुली

सांगलीतल्या एका प्रदर्शनात 'पायातून विष काढणाऱ्या' टबापुढे रांग लागली होती. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचे, यंत्र सुरू करायचं, आणि थोड्या वेळात पाणी तांबडं गढूळ. ते विष नाही, गंज आहे. धनाग्र, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडलेला दांडा, लोखंडी असतो. वीज वाहिली की लोखंडच इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं. पाय घातले नाहीत तरी पाणी तांबडं होतंच. पैसे तेवढे पायवाल्यालाच पडतात.

टबातला नियम मात्र झकास आहे. धनाग्राला हवा इलेक्ट्रॉन, आणि त्याची वसुली पतपेढीसारखी: जो सहज देतो, त्याला आधी गाठायचं. टबात तो लोखंड. डांबरगोळीतल्या नॅफ्थलिनकडून किंवा थिनरमधल्या टोल्युइनकडून इलेक्ट्रॉन काढायचा, तर पाण्याचा उपयोग नाही. हे हायड्रोकार्बन त्यात विरघळत नाहीत, आणि पाणी स्वतःच आधी इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. म्हणून अ‍ॅसिटोनायट्राइलसारखा चिवट द्रावक घेतात, म्हणजे विरघळवणारा पण स्वतः सहज इलेक्ट्रॉन न देणारा द्रव. त्यात साधं मीठ जेमतेम विरघळतं, तेव्हा वीज वाहायला टेट्राब्युटिलअमोनियमचे क्षार घालतात. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ हेनिंग लुंड यांनी 1957 मध्ये याच द्रावकात हायड्रोकार्बनचं ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणं, मोजलं होतं. कॅलोमेल इलेक्ट्रोड या मोजमापाच्या ठरावीक शून्याच्या तुलनेत अँथ्रासीन सुमारे 1.1 व्होल्टला इलेक्ट्रॉन सोडतं, नॅफ्थलिन 1.5 च्या आसपास, बेन्झिनला 2 च्या वर जावं लागतं.

खरी मौज टोल्युइनची. बेन्झिनच्या कड्याला एक मिथिल गट, एवढंच ते. इलेक्ट्रॉन जातो कड्यातून, पण भुर्दंड मिथिलला. इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू इतका जहाल आम्ल होतो, की मिथिलवरचा एक हायड्रोजन प्रोटॉन होऊन निसटतो. मागे उरतो बेन्झिल मूलक, म्हणजे एक एकटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा, आणि त्याचा इलेक्ट्रॉन तर 0.7 व्होल्टलाच सुटतो! म्हणजे पहिला इलेक्ट्रॉन काढायला सगळा जोर, दुसरा जवळजवळ फुकट. द्रावक मिथेनॉल असेल तर तयार झालेल्या धन आयनाला तोच चिकटतो आणि ईथर बनतं. तीच फेरी पुन्हा झाली की अ‍ॅसिटाल. त्यात आम्ल घातलेलं पाणी मिसळलं की कडू बदामाच्या वासाचं बेन्झाल्डिहाइड हाती येतं. क्रोमियमची रसायनं वापरून ऑक्सिडीकरण केलं तर उरतो तसा विषारी गाळ नाही. समोरच्या ऋण टोकावर, ऋणाग्रावर, हायड्रोजन सुटतो, बस्स.

बीएएसएफ कंपनी टोल्युइनच्या एका भावंडावर, म्हणजे टर्शरी-ब्युटिल टोल्युइनवर, कारखान्यात हीच क्रिया करते. तिथे ऋणाग्रही रिकामा बसत नाही, त्याच वेळी त्यावर थॅलाइड नावाचं दुसरं रसायन बनवून घेतात.

'विजेवर चालतं म्हणजे हरित' असं लगेच म्हणू नये; वीज कोळशाची असेल तर धूर दुसऱ्या गावात निघतो, एवढाच फरक. शिवाय वीज लागते भरपूर. एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन, म्हणजे 106 ग्रॅम बेन्झाल्डिहाइडला सुमारे 3 लाख 86 हजार कूलोम (एक अँपिअर एका सेकंदात वाहून नेतो तेवढा विद्युतभार म्हणजे एक कूलोम). 10 अँपिअरवर, एकही इलेक्ट्रॉन वाया न जाता, पावणेअकरा तास. कुपवाडच्या एमआयडीसीत मुलामा देणाऱ्यांना हा हिशेब लगेच कळेल. त्यांची बिलंही अँपिअर-तासांवरच फुगतात.