गाठ केवढी, यापेक्षा तिला रक्त किती

मिरजेत एमआरआयला नंबर लावला की आधी विचारतात, क्रिएटिनीन (किडनी किती चालतीय ते सांगणारी रक्ताची तपासणी) किती आहे? आमच्या काकांच्या किडनीत गाठ निघाली तेव्हा मला कळेना, फोटो काढायला ह्याचं काय काम. ते बरंच मागनं येतंय.

1988 ला अमेरिकेत एमआरआयसाठी गॅडोलिनियम ह्या धातूचं पहिलं औषध मंजूर झालं. शिरेतनं सोडायचं, रक्त जास्त तिथं फोटो उजळतो. सगळे निवांत होते, आणि 2006 ला युरोपातल्या डॉक्टरांनी सांगितलं की किडनी फेल झालेल्या काही पेशंटची कातडी कडक होऊन सांधे आखडतायत त्याचा संबंध ह्या औषधाशी दिसतोय. म्हणजे किडनीच्या पेशंटलाच औषध द्यायची भीती! (आताची औषधं बरीच सुरक्षित आहेत, उगाच घाबरू नका.)

गंमत म्हणजे रक्त किती पोचतंय ते बघायचा बिनऔषधाचा उपाय (आर्टेरियल स्पिन लेबलिंग) तोवर 14 वर्षं जुना झालेला. 1992 ला जॉन डेट्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी उंदराच्या मेंदूवर तो करून दाखवला. मानेतनं वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच रेडिओ लहरींनी चुंबकी खूण करायची, रक्त वर पोचलं की फोटो घ्यायचा, मग बिनखुणेचा एक घ्यायचा आणि दोन्हींची वजाबाकी करायची. रात्री उसात दारं धरणाऱ्याला हे लगेच कळेल, पाटात वर मूठभर भुसा टाकायचा न् खाली कुठल्या सरीत किती येतोय ते बघायचं. फक्त हा भुसा दीड-दोन सेकंदांतच विरायला लागतो, म्हणून तीच वजाबाकी पुन्हा पुन्हा करायची. किडनीचं एक बरंय, हृदयातनं निघालेल्या रक्तातलं 20 ते 25 टक्के दोन्ही किडन्यांकडंच जातं, पण श्वासाबरोबर त्या वरखाली हलतात ही कटकट. तरी 1995 ला माणसाच्या किडनीवर ते जमलं.

गाठीत हे कशाला? किडनीच्या कॅन्सरमधल्या सगळ्यात कॉमन प्रकारात, क्लिअर सेलमध्ये, बहुतेकदा व्हीएचएल नावाचं जीन बिघडलेलं असतं (ते 1993 ला सापडलं), मग गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या वाढवत सुटते. 2005 च्या शेवटी सोराफेनिब, 2006 ला सुनिटिनिब आलं, दोन्ही ह्या वाहिन्यांवरच घाव घालणारी औषधं. पण आतला पुरवठा तुटला तरी गाठीचं माप लगेच कमी होईलच असं नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी तोडल्यावर ऊस काय दुसऱ्या दिवशी बुटका होतो व्हय?"

बोस्टनच्या डॉक्टरांनी 2008 ला तेच तपासलं. पसरलेल्या किडनी कॅन्सरच्या थोड्या पेशंटना अशाच जातीचं एक औषध देऊन महिन्याभरानं ह्याच वजाबाकीच्या पद्धतीनं गाठीतलं रक्त मोजलं, आणि ज्यांचं घटलं होतं त्यांच्या गाठी पुढंही आटोक्यात राहिल्या.