पुढची पदवी घेतली, पण परिषदेत चढवली का? बेळगाव भागातल्या आर्किटेक्टांसाठी अर्ज आणि कागदपत्रं

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आर्किटेक्ट मित्रांचे फोन येतात, "कोर्स केला नाही तर रजिस्ट्रेशन जाणार काय?" नूतनीकरण आणि पुढचं शिक्षण यांची गल्लत आपल्याकडे फार होते, म्हणून आधी ती सोडवू.

आर्किटेक्ट्स अॅक्ट 1972 चं कलम 27 काढून वाचा. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या (आपली परिषद म्हणजे हीच) नोंदवहीत नाव टिकवायला त्यात नूतनीकरण शुल्क मागितलंय, ज्या वर्षाचं असेल त्या वर्षाच्या 1 एप्रिलच्या आत. शिक्षणाच्या तासांची अट त्या कलमात नाही. शुल्क थकलं तर मात्र रजिस्ट्रार नाव काढतो. मग अटी पूर्ण करून ते पुन्हा चढवून घ्यावं लागतं, आणि मधल्या काळात कलम 37 प्रमाणे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. तेव्हा शिक्षणाचं पुढं बघू, पहिल्यांदा शुल्क भरा.

आता शिक्षण. ऑफिस बंद करणं ज्याला जमत नाही त्याच्यासाठी एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांचे ऑनलाइन अभ्यासक्रम, सगळ्यात सोयीचं आहे. 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात, त्यात आयआयटी खरगपूर आणि रुरकीचे वास्तुकला व नगररचनेचेही आहेत. ऐकायला पैसे नाहीत, शुल्क फक्त परीक्षेचं. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. गुणांत 25 टक्के साप्ताहिक असाइनमेंटचे आणि 75 टक्के परीक्षेचे. प्रमाणपत्र हवं तर असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 लागतात. साइटच्या धावपळीत असाइनमेंटच बुडतात, हे मी कितीतरी जणांचं पाहिलंय. रविवारी सकाळी तासभर बसून ती उरका. शिकवण्याकडे वळलेल्यांनी परिषदेच्या पुण्यातल्या प्रशिक्षण व संशोधन केंद्राच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवावं.

एम.आर्क. (वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी) करायचं ठरवलं तर कर्नाटकात दार केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) पीजीसीईटी या प्रवेश परीक्षेचं. पात्रता बी.आर्क.ला किमान 50 टक्के. राज्यातल्या अनुसूचित जाती, जमाती आणि कॅटेगरी-1 (मागासवर्गांतला एक गट) साठी 45 टक्के. गेट या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेतला आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर दिला असेल तर तो स्कोअर तीन वर्षं चालतो. तो असला की आयआयटींसारख्या संस्थांचा रस्ताही मोकळा राहतो.

महाराष्ट्रात शिकायचं असेल तर राज्याच्या सीईटी कक्षाची एम.आर्क. सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. तिकडच्या तांत्रिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळा वर्ग असतो. त्याला दोन स्वतंत्र दाखले लागतात, एक गाव सीमाभागात असल्याचा आणि दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. एम.आर्क.च्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत हा वर्ग आणि दाखल्यांचे नमुने कसे दिलेत ते आधी वाचा, मगच दाखल्यांच्या मागे लागा. नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) मिळालेला दाखला कन्नडमध्ये असला तर त्याचं साक्षांकित भाषांतर जोडा. फॉर्म भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे काम होत नाही.

बरेच जण चुकतात ते पदवी हातात आल्यावर. कलम 28 प्रमाणे मिळवलेली जादा पात्रता परिषदेच्या नोंदवहीत आपल्या नावापुढं चढवता येते, पण ती मान्यताप्राप्त असली पाहिजे. कॉलेजला प्रवेश घेण्याआधीच तो एम.आर्क. अभ्यासक्रम परिषदेच्या यादीत आहे का ते पाहून घ्या. ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं या नोंदीत बसत नाहीत. ती ज्ञानासाठी घ्या, बायोडाटात लिहा.

या नोंदीच्या अर्जाची तयारी म्हणून एका फाइलमध्ये रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र (सीए, वर्ष आणि क्रमांक अशा रूपातला आपला नंबर त्यावर असतो), चालू नूतनीकरणाची पावती, पदवी प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आधार, फोटो आणि शुल्क भरल्याचा पुरावा ठेवा. मूळ प्रती आणि स्कॅन दोन्ही.

आणि नाव. आपल्या भागातल्या मुलांची ही खरी अडचण आहे. माझ्या एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कशीटवर आद्याक्षरं पुढं आणि नाव मागं, बी.आर्क.च्या पदवीवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि आधारवर आडनावात एक इंग्रजी अक्षर जास्त. तिन्ही कागद एका माणसाचे आहेत हे मला माहीत होतं, पण टेबलापलीकडच्या माणसाला कसं कळणार? एका कार्यालयातून माझा अर्ज एवढ्यावरून परत आला आणि पुन्हा सगळं जमवण्यात दोन महिने गेले. तेव्हापासून सांगतोय, अर्जाआधी सगळे कागद शेजारी शेजारी मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर लावून पाहा. फरक दिसला तर ई-स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून नोटरी करा, आणि त्यात प्रत्येक कागदावर नाव जसं छापलंय तसंच्या तसं लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आर्किटेक्ट भगिनींनी विवाह नोंदणीचा दाखलाही सोबत ठेवावा.

नोंद झाल्याचं कळलं की परिषदेच्या संकेतस्थळावर आपला नंबर टाकून नाव आणि पात्रता तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. लेटरहेडवर आणि ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये नवी पदवी त्यानंतरच घाला.