मार्शल विद्यापीठ फुटबॉल संघाचा १९७१ चा हंगाम

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठी वसलेल्या हंटिंग्टन शहरातील मार्शल विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने विमान अपघातानंतर खेळलेला पहिला हंगाम. दहा सामन्यांत दोन विजय आणि आठ पराभव एवढाच त्याचा हिशेब. तरीही महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात अजिंक्य संघांच्या बरोबरीने या हंगामाचे नाव घेतले जाते, आणि ते रास्तच आहे.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे ईस्ट कॅरोलिना संघाकडून १७-१४ असा निसटता पराभव पत्करून संघ भाड्याच्या डीसी-९ विमानाने परतत होता. पाऊस आणि धुके होते. धावपट्टी दिसण्याआधीच विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले आणि विमानतळाजवळच्या टेकडीवरील झाडांना घासून कोसळले. विमानातील ७५ जणांपैकी एकही वाचला नाही. त्यांत ३७ खेळाडू, मुख्य प्रशिक्षक रिक टॉली, त्यांचे सहकारी आणि संघासोबत गेलेले गावातले प्रतिष्ठित लोक होते. ७० मुलांनी आई किंवा वडील गमावले. त्यांतली १८ दोघांनाही मुकली. सहा खेळाडूंची ओळख पटलीच नाही. स्प्रिंग हिल दफनभूमीत त्यांना शेजारी शेजारी मूठमाती देण्यात आली.

फुटबॉल बंद करावा, असा विचार विद्यापीठात गंभीरपणे झाला. अखेर संघ पुन्हा उभा करायचे ठरले. मार्च १९७१ मध्ये ओहायोतील वूस्टर या छोट्या महाविद्यालयातून जॅक लेंगेल मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. जुन्यांपैकी सहायक प्रशिक्षक रेड डॉसन एक वर्षासाठी थांबले. परतीच्या प्रवासात ते विमानात नव्हते, मोटारीने येत होते. खेळाडू म्हणून हाताशी होती ती दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने त्या दौऱ्यावर न गेलेली थोडी मुले आणि आदल्या वर्षीचा प्रथम वर्षाचा संघ. बाकी दुसरे खेळ खेळणारे आणि हौसेने आलेले विद्यार्थी. त्या काळी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. राष्ट्रीय क्रीडा संघटनेने मार्शलला खास सवलत दिली. संघाचे जुने नाव ‘थंडरिंग हर्ड’, म्हणजे गडगडत धावणारा कळप. लेंगेल यांनी त्याला ‘यंग’ जोडले.

या पोरसवद्या संघाला धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांशी थेट धक्काबुक्की परवडणारी नव्हती, म्हणून लेंगेल यांनी ‘व्हीअर’ ही आक्रमणपद्धत निवडली. तीत प्रतिपक्षाच्या एका बचावपटूला मुद्दाम मोकळे सोडतात. तो कुठे झेपावतो ते पाहून चेंडू द्यायचा, जवळ ठेवायचा की बाजूला फेकायचा, हे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, त्याच क्षणी ठरवतो. ही पद्धत शिकण्यासाठी त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी आपली सगळी सामग्री मार्शलच्या प्रशिक्षकांना खुली करून दिली.

पहिला सामना मोअरहेड स्टेटकडून २९-६ असा गमावला. २५ सप्टेंबरला फेअरफील्ड मैदानावर झेवियर विद्यापीठाशी घरचा पहिला सामना झाला. शेवटच्या मिनिटाला मार्शल ९-१३ ने मागे होता. गोलरेषा १३ यार्डांवर, आणि वेळ फक्त एका चालीपुरता. क्वार्टरबॅक रेगी ऑलिव्हर एका बाजूला पळाला. बचावपटू त्याच्यामागे ओढले गेले, तोच त्याने दुसऱ्या बाजूला टेरी गार्डनरकडे छोटा पास टाकला. पुढच्या साथीदारांनी वाट मोकळी केली आणि गार्डनर गोलरेषेपार गेला. टचडाउनचे सहा गुण धरून १५-१३. प्रेक्षक मैदानात धावले. कितीतरी वेळ कुणाचा पाय घराकडे वळेना. दहा महिन्यांपूर्वी याच माणसांनी एकामागून एक अंत्ययात्रा पाहिल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात ओहायोतील मायामी विद्यापीठाने त्यांना ६६-६ असे धुतले. असे पराभव या हंगामात नेहमीचेच होते. तसे ते होणारच होते. दुसरा विजय ऑक्टोबरअखेर, बोलिंग ग्रीनवर १२-१० असा मिळाला.

१९७२ मध्ये विद्यापीठाच्या आवारात स्मारक कारंजे उभे राहिले. दरवर्षी १४ नोव्हेंबरला मृतांची नावे वाचून ते बंद करतात आणि वसंतात पुन्हा सुरू करतात. लेंगेल चार हंगाम राहिले. ९ विजय आणि ३३ पराभव पदरी घेऊन १९७४ नंतर गेले. एखाद्या हंगामात जिंकलेल्या सामन्यांचा आकडा हरलेल्यांपेक्षा मोठा व्हायला मार्शलला १९८४ उजाडले. रेड डॉसन मात्र १९७१ च्या हंगामानंतर पुन्हा कधी प्रशिक्षक झाले नाहीत.